अंक सुटले, अक्षरे अडली

१९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी फंक्शनल प्रोग्रॅमिंगवर परिषद भरली होती. ब्रिटनहून निघालेले सायमन पेटन जोन्स वाटेत येल विद्यापीठात पॉल हुडाक यांना भेटायला थांबले. दोघांचे दुखणे एकच होते. गणितातल्या फंक्शनासारखे वागणाऱ्या, उत्तराची गरज पडेपर्यंत हिशोब पुढे ढकलणाऱ्या भाषांचे एक कुळच तोवर तयार झाले होते. गोथेनबर्गला लेझी एमएल, ऑक्सफर्डला ऑर्वेल, केंब्रिजला पाँडर, एमआयटीत आयडी, येलला खुद्द हुडाक यांची अल्फल. अशा डझनाहून अधिक भाषा होत्या. विचार जवळपास सारखाच, पण प्रत्येकीचे व्याकरण निराळे, कंपायलर निराळा आणि वापरणारे मूठभर. एका विद्यापीठात लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या विद्यापीठात चालत नव्हता. पोर्टलंडच्या परिषदेतच एक बैठक घ्यायची, हे येलमध्ये ठरले आणि त्या बैठकीत सर्वांची मिळून एक सामाईक भाषा घडवण्यासाठी समिती नेमली गेली.

या कुळातली सर्वांत परिपक्व भाषा होती डेव्हिड टर्नर यांची मिरांडा. समितीने पाया म्हणून तीच मागितली. मिरांडाचे एकच प्रमाण रूप राहावे, तिच्या बोली फुटू नयेत, असा टर्नर यांचा आग्रह होता. त्यांनी नकार दिला. मग समितीला सगळे मुळापासून ठरवावे लागले. माझ्या मते या नकाराचे भाषेवर उपकार आहेत, कारण अंकांचा प्रश्न मिरांडाने ज्या रीतीने सोडवला होता ती रीत आयती मिळाली असती तर पुढचा शोध लागलाच नसता.

पहिली बैठक जानेवारी १९८८ मध्ये येलला झाली, दुसरी एप्रिलमध्ये ग्लासगोला. समितीत ब्रिटन, स्वीडन आणि अमेरिकेतली माणसे होती. एमआयटीचे अरविंद आणि ऋषीयूर निखिल हेही होते. अरविंद कानपूर आयआयटीचे पदवीधर. भाषेच्या नावासाठी फळ्यावर बरीच नावे लिहिली गेली, खोडली गेली आणि अखेर तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल ब्रूक्स करी यांचे नाव उरले. हुडाक आणि डेव्हिड वाइज करींच्या पत्नी व्हर्जिनिया यांच्याकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी परवानगी दिली आणि निरोप घेताना सांगितले, की हॅस्केल यांना आपले हे नाव कधी आवडलेच नव्हते.

समितीपुढे जे प्रश्न होते त्यांतला एक वरवर अगदी क्षुल्लक वाटतो: अधिक ही खूण नेमकी कोणाची? पूर्णांकांची बेरीज आणि दशांश अपूर्णांकांची बेरीज यंत्राच्या आत दोन वेगळ्या क्रिया आहेत. माणूस दोन्हींसाठी एकच खूण लिहितो. कंपायलरला मात्र प्रत्येक ठिकाणी कोणती क्रिया अभिप्रेत आहे ते कळावे लागते. दोन नग समोर असतील तर कळते. पण 'दिलेल्या संख्येला त्याच संख्येने गुण' असे वर्गाचे फंक्शन लिहिले, तर त्याचा टाइप काय सांगायचा? स्टँडर्ड एमएल या भाषेत असे फंक्शन जसेच्या तसे चालत नव्हते. संख्या कोणत्या जातीची ते लिहून द्यावे लागे आणि मग पूर्णांकांसाठी एक वर्ग आणि अपूर्णांकांसाठी दुसरा, असे दोन वर्ग होत. मिरांडाने वाद मिटवला तो सर्व संख्यांचा एकच टाइप ठेवून. हे सोयीचे होते, पण त्यामुळे पूर्णांक आणि अपूर्णांक यांतला भेद टाइपच्या पातळीवर पुसला गेला.

बरोबरीच्या खुणेचेही तसेच. दोन संख्या समान आहेत का, दोन याद्या समान आहेत का, हे विचारता येते. दोन फंक्शने समान आहेत का, हे सर्वसाधारणपणे ठरवताच येत नाही. मिरांडात तसा प्रश्न लिहिता येई आणि प्रोग्रॅम चालताना कोसळे. एमएलने बरोबरीपुरते खास वेगळे टाइप-चल काढले होते. म्हणजे प्रत्येक अडचणीला एक स्वतंत्र ठिगळ.

समितीच्या एका बैठकीनंतर ग्लासगोचे फिलिप वॉडलर आणि लॉस अलामॉसचे जो फेझल बोलत होते. खूण एकच आणि अर्थ अनेक, ही गोष्ट फंक्शनाच्या टाइपमध्येच दिसली पाहिजे, हे फेझल यांना सुचले होते. त्यांच्या मनातली रचना वेगळी होती. वॉडलर यांनी ती वेगळ्या तऱ्हेने समजून घेतली आणि त्या गैरसमजातून टाइप क्लास जन्माला आले. हे वॉडलर यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये वॉडलर यांनी ती कल्पना समितीच्या सभासदांना ईमेलने कळवली. स्टीफन ब्लॉट या त्यांच्या विद्यार्थ्याने नियम काटेकोर मांडून ते निर्दोष असल्याचे दाखवले आणि जानेवारी १९८९ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या परिषदेत दोघांचा निबंध आला.

कल्पना अशी. 'नम' नावाचा एक टाइप क्लास, म्हणजे टाइपांचा वर्ग, जाहीर करायचा आणि सांगायचे, की ज्या टाइपला या वर्गात यायचे आहे त्याने बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे ते पुरवावे. पूर्णांक आपली क्रिया पुरवतात, अपूर्णांक आपली. उद्या कोणी सदिश किंवा बहुपदी लिहिली तर तीही आपली पुरवू शकते. आता संख्येचा वर्ग काढणाऱ्या फंक्शनाचा टाइप सांगता येतो: कोणताही टाइप चालेल, मात्र तो 'नम'मधला हवा. बरोबरीसाठी असाच दुसरा वर्ग. फंक्शने त्या वर्गात नाहीत, म्हणून दोन फंक्शनांची तुलना करणारा प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. आत यंत्रणा साधी आहे. अशा प्रत्येक फंक्शनाला कंपायलर लपवून एक जादा अर्ग्युमेंट देतो. त्या अर्ग्युमेंटात त्या टाइपच्या क्रियांचा तक्ता असतो. जिथे टाइप ठरतो तिथे योग्य तक्ता चिकटवला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही.

भाषा आकार घेत होती नेमक्या त्याच महिन्यांत ही कल्पना आली आणि फारशा वादाशिवाय स्वीकारली गेली. फेझल यांनी तिच्यावर संख्यांची उतरंड रचली. स्कीम आणि कॉमन लिस्प या भाषांतल्या संख्यांचा नमुना त्यांच्यासमोर होता. तळाशी 'नम', त्यावर भागाकार जाणणारे, त्यावर वर्गमूळ आणि त्रिकोणमिती जाणणारे. एका बाजूला बाकी काढू शकणारे पूर्णांक. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्याच्या अर्थाबद्दलची आहे. हॅस्केलमध्ये नुसते ३ लिहिले तर तो पूर्णांकही नसतो आणि अपूर्णांकही नसतो. 'फ्रॉमइंटिजर' या फंक्शनातून गेलेला तो ३ असतो आणि सभोवतालचा मजकूर ज्या टाइपची मागणी करील तो होतो. ३.५ असाच परिमेय संख्येतून येतो. त्यामुळे कोणी स्वतःचा संख्याप्रकार घडवला तरी त्यात साधे आकडे लिहिता येतात.

पूर्णांक दोन प्रकारचे ठेवले. 'इंटिजर' मेमरी पुरेल तितका मोठा होतो. 'इंट' यंत्राच्या मापाचा. 'इंट'साठी भाषेची व्याख्या सांगणाऱ्या अहवालाने किमान हमी दिली ती फक्त उणे २ चा २९ वा घात ते २ चा २९ वा घात वजा १ एवढ्याच पट्ट्याची. ३२ बिटांच्या शब्दातली एकदोन बिटे काही कंपायलर खुणेसाठी राखून ठेवत, त्यांची अडचण होऊ नये म्हणून हा हात आखडता. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर 'इंट' बराच मोठा आहे, पण २० च्या फॅक्टोरियलपर्यंतच पुरतो. २१ चा फॅक्टोरियल 'इंट'मध्ये मागितला तर उत्तर येते −४२४९२९००४९४१९२१४८४८. चूक दाखवली जात नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. 'इंटिजर'मध्ये तोच प्रोग्रॅम ५१०९०९४२१७१७०९४४०००० हे खरे उत्तर देतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने टाइप सांगितलाच नाही तर काय धरायचे, यावर सुरुवातीच्या अहवालांनी 'इंट' धरला होता. १९९९ च्या फेब्रुवारीत आलेल्या हॅस्केल ९८ ने तो बदलून 'इंटिजर' केला. वेग थोडा गेला, उत्तर खरे झाले. हा बदल लहान, पण भाषेच्या स्वभावाला शोभणारा होता.

उतरंडीला टीकाकारही मिळाले आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. यादीची लांबी सांगणारे फंक्शन 'इंट' देते, भागाकाराला अपूर्णांक लागतो. म्हणून बेरजेला लांबीने भागून सरासरी काढायला जावे तर कंपायलर नकार देतो आणि नवशिक्या गोंधळतो. मध्ये 'फ्रॉमइंटिग्रल' हे रूपांतर स्वतः लिहावे लागते. 'नम'मध्ये येणाऱ्या प्रत्येकाने बरोबरी तपासता येईल आणि छापून दाखवता येईल अशी खात्री द्यावी, ही अट तर गणितवाल्यांना जाचकच होती. फंक्शनांची बिंदुशः बेरीज करणाऱ्याला ती पाळता येत नव्हती. ती अट २०१२ मध्ये जीएचसी ७.४ ने काढली. जीएचसी म्हणजे ग्लासगोत जन्मलेला कंपायलर. भाषेचा खरा संसार त्यानेच चालवला.

एक छिद्र मात्र तसेच राहिले आणि पुढच्या कथेसाठी ते लक्षात ठेवायला हवे. 'फ्रॉमइंटिग्रल' कोणत्याही पूर्णांकाला कोणत्याही संख्याप्रकारात नेते. नवा प्रकार लहान असेल तर वरची बिटे गळतात. ३०० ही संख्या एका बाइटच्या 'वर्ड८'मध्ये नेली की ४४ होते, कारण ३०० मधून २५६ गेले. रूपांतर झाले हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले दिसते. नुकसान झाले हे कुठेच दिसत नाही.

हॅस्केल १.० चा अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला. अंकांवर एवढा खल झालेला, पण मजकुराचा प्रश्न त्यात एका ओळीत संपला होता: स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरांची यादी. यादी ही या कुळातल्या भाषांची लाडकी रचना. यादीवर चालणारे प्रत्येक फंक्शन मजकुरावर फुकट चालणार होते. शिवाय भाषा आळशी, म्हणजे हिशोब पुढे ढकलणारी, असल्याने भली मोठी फाइलही एक स्ट्रिंग मानून, लागेल तसतशी वाचत पुढे जाता येत होते. कीबोर्डवरून आलेली यादी घ्यायची, तिची दुसरी यादी करायची आणि पडद्यावर पाठवायची, एवढ्यात पूर्ण प्रोग्रॅम होई. शिकवायला याहून देखणे काही नाही, हे आजही खरे आहे.

तरी चिरा पहिल्याच दिवशी पडलेली होती. छापताना आकड्यांची यादी चौकोनी कंसात आणि स्ट्रिंग अवतरणचिन्हांत दिसायला हवी. पण स्ट्रिंग हीच यादी असल्याने दोन्हींत फरक करायला जागा नव्हती. म्हणून छापण्याच्या वर्गात 'माझी यादी कशी छापावी' हे सांगणारी एक वेगळी क्रिया घुसवावी लागली. ती अजून तिथे आहे आणि तिचा उपयोग जवळपास फक्त कॅरेक्टरांना होतो. अंकांसाठी ज्यांनी ठिगळे नाकारली त्यांनाच मजकुरासाठी पहिले ठिगळ लावावे लागले.

खर्च तर अफाट होता. स्ट्रिंग ही मालगाडीसारखी: एका डब्यात एक अक्षर आणि पुढच्या डब्याची साखळी. ६४ बिटांच्या यंत्रावर जीएचसीत असा एक डबा २४ बाइट घेतो, आतले कॅरेक्टर आणखी १६. पहिल्या २५६ कॅरेक्टरांच्या आयत्या प्रती ठेवलेल्या असतात आणि मेमरीची झाडलोट करणारी यंत्रणा त्याच सगळीकडे वाटून देते, म्हणून इंग्रजी अक्षराचा खर्च २४ बाइटवर थांबतो. देवनागरी अक्षराला पूर्ण ४० लागतात. अर्थात १९९० मध्ये हा फरक पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हॅस्केलला तेव्हा देवनागरी ठाऊकच नव्हती.

इथे १९८८ कडे पुन्हा वळायला हवे. जानेवारीत येलची बैठक झाली, फेब्रुवारीत टाइप क्लास आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेरॉक्स कंपनीच्या जो बेकर यांनी जगातल्या सर्व लिप्यांसाठी १६ बिटांची एक सामाईक सांकेतिक पद्धत सुचवली. नाव दिले युनिकोड. भारतात त्याच वर्षी इस्की या सांकेतिक प्रमाणाची १९८८ ची आवृत्ती आली. कानपूर आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्येच पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा देवनागरीचा विभाग इस्कीच्या त्याच १९८८ च्या मांडणीवर बेतला गेला. अ ते औ, क ते ह, मात्रा, वेलांट्या आणि ० ते ९, सगळे त्या क्रमाने २३०४ ते २४३१ या क्रमांकांत बसले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅस्केलच्या अहवालांनी युनिकोड स्वीकारला आणि कॅरेक्टर हे १६ बिटांचे मूल्य आहे असे लिहिले. दुर्दैव असे, की तोवर युनिकोड १६ बिटांत मावेनासा झाला होता. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीने जागा वाढवून ११,१४,११२ केल्या. हॅस्केलच्या सुधारित अहवालातून १६ बिटांची अट गेली आणि कॅरेक्टरला युनिकोडचा पूर्ण पट्टा मिळाला. कागदावर सगळे ठीक झाले. त्या काळातल्या पुष्कळ भाषांनी १६ बिटांना जन्माची गाठ मारून घेतली होती. हॅस्केलने ती वेळेत सोडवली, याचे श्रेय द्यायला हवे.

अडले ते दारात. कॅरेक्टर प्रोग्रॅमच्या आत युनिकोडचे होते, पण फाइलमध्ये आणि पडद्यावर जातात ती बाइटे. एका कॅरेक्टरची किती आणि कोणती बाइटे करायची, याचा नियम ठरवावा लागतो. तसा उत्तम नियम होताही. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची मांडणी केली होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन, कुठूनही वाचायला लागले तरी अक्षराची सुरुवात सापडते. पण हॅस्केलच्या अहवालाने नियम सांगितलाच नव्हता आणि जीएचसीने सर्वांत सोपे तेच केले: प्रत्येक कॅरेक्टरची खालची आठ बिटे बाहेर पाठवली, वरची टाकून दिली.

म्हणजे काय होई ते 'मराठी' याच शब्दावर पाहू. म चा क्रमांक २३५०. त्यातून २५६ च्या पटी काढल्या की ४६ उरतात, आणि ४६ म्हणजे टिंब. र चा क्रमांक २३५२, उरले ४८, ते शून्य. काना २३६६, उरले ६२. ती 'पेक्षा मोठे'ची खूण. ठ ची कोरी जागा होते आणि दुसऱ्या वेलांटीचे ईमेलमधले ॲट चिन्ह. पाच चिन्हे आत गेली, पाच बाहेर आली, एकही आपले नाही. चूक कोणी कळवली नाही. ३०० चे ४४ करणारी आणि म चे टिंब करणारी वजाबाकी एकच आहे. ज्या भाषेचा सारा अभिमान टाइपवर उभा, तिच्यात 'हे अक्षर आहे' आणि 'ही बाइट आहे' हा भेद सांगणारा टाइपच मजकुराच्या दारावर नव्हता. फाइलमधून आलेल्या बाइटांनाही कॅरेक्टरच म्हटले जाई. स्ट्रिंग हातात आली तर ती उलगडलेला मजकूर आहे की कच्च्या बाइटांची रांग, हे तिच्याकडे पाहून कळत नव्हते. मला हॅस्केलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दोष वाटतो. मेमरीचा खर्च त्यापुढे दुय्यम आहे.

दुरुस्ती तीन बाजूंनी झाली आणि गंमत अशी, की सुरुवात वेगाच्या ओढीने झाली. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड राउंडी यांनी हॅस्केलमध्ये डार्क्स ही प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली होती. मोठ्या फाइली यादीने हाताळणे अशक्य, म्हणून त्यांनी बाइटे एका सलग पट्टीत ठेवणारा प्रकार केला. डॉन स्टुअर्ट, डंकन कूट्स आणि रोमन लेश्चिन्स्की यांनी त्यातून बाइटस्ट्रिंग घडवली. २००७ च्या त्यांच्या निबंधाने हॅस्केलमध्येही मजकूर सी भाषेच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने हलवता येतो हे दाखवून दिले. वेगासाठी केलेल्या या कामाने बाइटांना त्यांचा स्वतःचा टाइप मिळाला, हा त्याचा मोठा फायदा. पण सोबत एक उपविभाग आला, जो बाइटांना अक्षरे समजून वागवू देतो. तो हाताशी असल्याने लोकांनी मजकुरासाठीच बाइटस्ट्रिंग वापरायला सुरुवात केली आणि जुनी गफलत वेगवान झाली.

दुसरी बाजू खऱ्या मजकुराची. ऑक्सफर्डला टॉम हार्पर यांनी युनिकोड मजकूर सलग पट्टीत ठेवून त्यावरची एकापाठोपाठ एक कामे कंपायलरकडून एकाच फेरीत कशी विरघळवता येतील यावर काम केले. ब्रायन ओसलिव्हन यांनी ते हाती घेऊन वाढवले, तपासले आणि २००९ मध्ये टेक्स्ट ही लायब्ररी प्रसिद्ध केली. आता टाइप दोन झाले. बाइटस्ट्रिंग म्हणजे बाइटे, टेक्स्ट म्हणजे अक्षरे. एकातून दुसऱ्यात जायचे तर नियमाचे नाव घ्यावे लागते: यूटीएफ-८ ने उलगड, यूटीएफ-१६ ने उलगड. बाइटे नियमात बसत नसतील तर ते उत्तराच्या टाइपमध्येच सांगणारे फंक्शनही मिळाले. तिसरी बाजू कंपायलरची. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या जीएचसी ६.१२ मध्ये सायमन मार्लो यांनी फाइली आणि पडदा यांच्या दारावर सांकेतिक नियम बसवला आणि साधी स्ट्रिंगही यंत्राच्या भाषा-मांडणीप्रमाणे नीट बाहेर पडू लागली. येलच्या बैठकीनंतर जवळपास बावीस वर्षांनी 'मराठी' हा शब्द जीएचसीतून सरळपणे छापता आला.

या दुरुस्तीत अंकांकडून घेतलेले एक उसने आहे. २००७ च्या सुमारास जीएचसीत सोय आली, की अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर एका टाइप क्लासमधल्या 'फ्रॉमस्ट्रिंग' नावाच्या क्रियेतून जाईल आणि जो टाइप हवा तो होईल. ३ चा अर्थ संदर्भाने ठरतो तसाच आता अवतरणातल्या मजकुराचाही ठरू लागला. वॉडलर आणि फेझल यांच्या बोलण्यातून निघालेली कल्पना वीस वर्षांनी अक्षरांपर्यंत पोचली. दोषही सोबत पोचला. बाइटस्ट्रिंगसाठीची ही क्रिया आजही खालची आठ बिटेच ठेवते. प्रोग्रॅममध्ये बाइटस्ट्रिंग म्हणून 'मराठी' लिहिले तर म चे टिंब होते. ही क्रिया बदलावी का, यावर लायब्ररी सांभाळणाऱ्यांत बराच खल झाला आहे. जुने प्रोग्रॅम मोडतील ही भीती मी समजू शकतो, पण निमूटपणे अक्षर गिळणारी क्रिया चालू ठेवण्याचे समर्थन मला पटत नाही.

टेक्स्टने आत यूटीएफ-१६ निवडला होता. हार्पर यांच्या मोजमापांत तेव्हा तोच सरस ठरला होता. पण पुढच्या दशकात वेबवरचा आणि फाइलींमधला मजकूर यूटीएफ-८ चा झाला; म्हणजे प्रत्येक वाचनात एक रूपांतर आणि प्रत्येक लेखनात उलटे रूपांतर. २०११ मध्ये गुगल समर ऑफ कोडमधून यास्पर व्हान डेर योग्ट यांनी टेक्स्ट यूटीएफ-८ वर नेऊन पाहिले. ते काम मूळ लायब्ररीत गेले नाही. दहा वर्षांनी अँड्र्यू लेलेचेन्को यांनी हॅस्केल फाउंडेशनच्या पाठिंब्याने ते पुन्हा उचलले आणि डिसेंबर २०२१ मध्ये टेक्स्टची दुसरी आवृत्ती यूटीएफ-८ वर आली. कामे विरघळवण्याची हार्पर यांची यंत्रणा बरीचशी काढून टाकावी लागली, कारण पट्टीवर थेट काम करणेच आता वेगवान ठरत होते. इंग्रजी मजकुराची जागा निम्म्यावर आली. आपल्या बाजूने हिशोब उलटा आहे: 'मराठी'ला आधी १० बाइट लागत, आता १५. तरीही हा निर्णय योग्यच झाला असे मी म्हणेन. मराठी मजकूरही बाहेरून यूटीएफ-८ मध्येच येतो आणि तसाच परत जातो. मधले दोन्ही हेलपाटे वाचले.

अक्षरांचे सगळे प्रश्न मात्र इथे मिटत नाहीत. टेक्स्टला 'मराठी'ची लांबी विचारली तर ५ येते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. शब्द उलटा करा म्हटले तर वेलांटी सुरुवातीला निराधार पडते आणि ठ ला र चा काना लागतो. 'हे अक्षर आहे का' विचारणारे 'इजअल्फा' हे फंक्शन म ला हो म्हणते आणि कान्याला नाही, कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना हे अक्षर नसून चिन्ह आहे. नाव फक्त अक्षरांचे असावे अशी तपासणी या फंक्शनाने लिहिली, तर कविता आणि सुनीता दोघींचीही नावे नापास होतात. खरी अक्षरे मोजायची तर युनिकोडच्या जोडाक्षर-नियमांची वेगळी लायब्ररी लागते. ओसलिव्हन यांनी तीही टेक्स्टसाठी बांधून दिली आहे.

अंक आणि अक्षरे जिथे एकत्र येतात तिथली स्थिती अशी. देवनागरी ५ दाखवून 'ही संख्यादर्शक खूण आहे का' विचारले तर हॅस्केल हो म्हणते. 'हा आकडा आहे का' विचारणारे 'इजडिजिट' नाही म्हणते, कारण ते फक्त इंग्रजी वळणाचे दहा आकडे ओळखते. मजकुरातून संख्या वाचणारी 'रीड' ही क्रिया देवनागरी १२ समोर येताच अपयश कळवून थांबते. आणि प्रोग्रॅमच्या आत? हॅस्केल ९८ च्या व्याकरणात आकडा म्हणजे इंग्रजी आकडा किंवा युनिकोडमधला कोणताही दशमान आकडा, असे स्पष्ट लिहिले आहे आणि दशमान संख्या अशाच आकड्यांची बनते. त्या व्याकरणाप्रमाणे हॅस्केलच्या प्रोग्रॅममध्ये २१ ही संख्या मी जशी इथे लिहिली तशीच लिहिता यायला हवी. २०१० च्या अहवालातही तो नियम तसाच ठेवला आहे. जीएचसी मात्र आजही संख्येत फक्त इंग्रजी आकडेच घेतो.